शिंपल्यांची माळ

माझ्या हातून एक रेडा मेला आणि त्याचा दोष मी दुसऱ्या माणसाच्या नावावर लिहून दिला. हे आधीच सांगून टाकतो. कारण ज्या माणसाविषयी पुढे लिहिणार आहे तो इतका गमतीचा होता, की त्याच्या गोष्टी सांगता सांगता ही गोष्ट माझ्याकडून राहून जाईल. ती राहून जावी असं मला मनातून वाटतही असेल.

तुम्ही कधी म्हशीच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली आहे? नसेल पाहिली. आपण जनावराचे दात बघतो, खूर बघतो, कासेला हात लावतो. ज्यांच्याविषयी लिहितो आहे ते पापणी बघत. समोर आलेल्या कुठल्याही जिवाची खालची पापणी अंगठ्याने हलकेच ओढायची, आतल्या ओलसर कातडीचा रंग बघायचा, आणि मान तिरकी करून "हं" म्हणायचं, ही त्यांची सवय. बैल असो, शेळी असो, टांग्याचं घोडं असो. माणूससुद्धा सुटत नसे.

अलिबागच्या गुरांच्या दवाखान्यात ते ड्रेसर होते आणि मी तिथला डॉक्टर. जखमा धुणं, पट्ट्या बांधणं, औषधं खलणं, उधळलेलं जनावर आडवं पाडणं ही त्यांची कामं. मूळचे मुरुडचे. घराण्यात कोणी मचव्यावर खलाशी, कोणी व्यापारात. हे तेवढे घोड्यांच्या नादाने पलटणीत गेले आणि महायुद्धात मेसोपोटेमियात खेचरांच्या इस्पितळात काम करून परत आले. दाढीला मेंदी, डोक्याला गोल टोपी, आणि अंगातल्या खाकी कोटाला पलटणीतलं एकच पितळी बटण उरलेलं. सारे त्यांना चाचा म्हणत. नाव मी लिहीत नाही. कागदावर त्यांचं नाव मी एकदा लिहिलं आहे, ते पुरे झालं.

मी मुंबईच्या कॉलेजातून नुकता पास होऊन रेवसच्या बोटीने उतरलो आणि टांग्याने दवाखान्यात पोचलो, तेव्हा ते दारात उभे होते. सलाम केला. मग जवळ येऊन म्हणाले, "साहेब, जरा उजेडाकडे."

मला वाटलं काही दाखवायचं असेल. मी वळलो तर त्यांचा अंगठा माझ्या डोळ्याखाली.

"जांब," ते म्हणाले. "बोट लागलीशी वाटते. दोन दिवसांत गुलाब व्हाल."

चोवीस वर्षांचा मी, डोक्यावर नवी कोरी टोपी. टांगेवाला खदखदून हसला. मी दिवसभर चाचांशी बोललो नाही.

जांब आणि गुलाब म्हणजे काय ते पुढच्या आठवड्यात कळलं. त्यांच्या खिशात तंबाखूची एक पत्र्याची डबी असे. डबीत तंबाखू नसे. तिच्यात दोऱ्यात ओवलेल्या पाच शिंपल्या होत्या, नखाएवढ्या, आतून गुळगुळीत. पहिली गडद लाल, दुसरी त्याहून फिकी, असं करत करत पाचवी पांढरी स्वच्छ. जनावराची पापणी ओढली की ती माळ शेजारी धरायची आणि जुळेल त्या शिंपलीचं नाव घ्यायचं. पहिली डाळिंब, दुसरी गुलाब, तिसरी जांब. चौथी पांढरा कांदा, आपल्या अलिबागचा. पाचवीला नाव नव्हतं. पाचवी जुळली की ते काही न बोलता माळ डबीत ठेवत आणि मालकाला आधी बसायला सांगत.

पलटणीतल्या कुणा गोऱ्या कॅप्टनने त्यांना कागदाची एक वही दिली होती. टिपकागदावर रक्ताचा थेंब घ्यायचा आणि वहीत छापलेल्या तांबड्या पट्ट्यांशी ताडून बघायचा, रक्त किती पातळ झालंय ते कळतं. ती वही अलिबागच्या एका पावसाळ्यात बुरशीने खाल्ली.

"कागदाला समुद्र नाय मानवत, साहेब," ते म्हणाले. "मग म्हटलं, समुद्राचंच घ्यावं."

मुरुडपासून नागावपर्यंतच्या वाळूत दोन वर्षं वेचून त्यांनी त्या पाच जमवल्या होत्या. रंग उडू नये म्हणून डबी उन्हात उघडत नसत. जनावरालाच सावलीत घेत.

"किती ते शिंपली सांगते," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "का, ते तुमी सांगा." आणि मी सांगण्याआधीच तीन बोटं वर: "गेलं, फुटलं, की झालंच नाय?"

जनावराला पंडुरोग झाला, अंगातलं रक्त कमी झालं, तर त्याचे प्रकार कसे पाडायचे हे आम्हाला कॉलेजात लांबलचक इंग्रजी शब्दांत शिकवलं होतं. ते सगळं या तीन बोटांत मावत होतं. रक्त गेलं, म्हणजे अंगाबाहेर गेलं. जखमेतून, पोटातल्या जंतांच्या तोंडी, गोचिडांच्या तोंडी. रक्त फुटलं, म्हणजे अंगातल्या अंगातच नासलं. गोचीडताप आला की फुटतं, मग लघवी काळ्या चहासारखी होते आणि डोळ्याच्या पांढऱ्यावर हळद चढते. आणि झालंच नाही, म्हणजे शरीराने केलंच नाही. पोटाला नाही किंवा जुनं दुखणं आहे, तर हाडातली भट्टी थंड पडते. "पांढरं दिसलं की लगेच औषध नाय," ते म्हणत. "पांढऱ्याला बाप असतो. बाप शोधा."

एकदा पेणच्या बाजूचा एक मिठागरवाला गाडीचे दोन बैल घेऊन आला. दोघांच्या बरगड्या मोजून घ्याव्या अशा.

"दिष्ट लागली," तो म्हणाला.

चाचांनी पापण्या ओढल्या. कांदा आणि कांदा. "खायाला काय देतोस?"

"पेंढा."

"आनि?"

"आनि काय? पेंढा."

"सणाला?"

त्याने विचार केला. "सणाला मोप पेंढा."

"लिवा साहेब, झालंच नाय," चाचा म्हणाले. मग त्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवून, "बाबा, यांना दिष्ट नाय लागली. यांना पेंड लागते. शेंगदाण्याची."

आणखी एक सांगतो. बाजारपेठेतून लग्नाची मिरवणूक चालली होती, वाजंत्री, नवरदेव घोडीवर. चाचा औषधाची बाटली घेऊन येत होते. घोडी एकदा अडखळली, तेवढं त्यांना पुरलं. मिरवणूक थांबवून त्यांनी तिची पापणी ओढली, माळ काढली, आणि वर बघून म्हणाले, "नवरदेव, उतरा. ही कांदा हाय."

नवरदेवाचा काका लाल झाला. "आणि आमचा मुहूर्त?"

"मुहूर्ताला नवरा लागतो. घोडी नाय लागत."

नवरदेव मंडपापर्यंत चालत गेला, मुलीकडच्यांनी त्याची पुढे वर्षभर थट्टा केली. घोडी दवाखान्यात राहिली, जंत पडले, ती सुधारली. महिन्याने तोच नवरदेव बायकोला घेऊन घोडी बघायला आला तेव्हा चाचांनी त्याचीही पापणी बघून घेतली. "डाळिंब," ते म्हणाले. "लगीन मानवलं."

आता माझ्या घरातली गोष्ट. लग्नानंतर मी बिऱ्हाड केलं तेव्हा चाचा कामाचे कागद घेऊन कधी कधी घरी येत. ओटीवर बसत. त्यांचा कपबशीचा जोड वेगळा ठेवलेला असे, ओटीच्या कोनाड्यात. त्या काळी आम्हाला त्यात काही वावगं वाटत नसे, हेही कबूल करतो. माझी पत्नी चहा आणून त्यांच्यासमोर ठेवी. एके दिवशी चहा तसाच टाकून ते उठले आणि मला अंगणाच्या कडेला घेऊन गेले.

"साहेब, बाईसाहेबांचे तळवे बघितलेत?"

"का?"

"मी डोळा बघनार नाय. पन तळहात दिसला, कप ठेवताना. चौथी शिंपली."

तिला तेव्हा दिवस गेले होते. ती दमते, तिला धाप लागते, हे मी रोज बघत होतो आणि बायका दमतातच असं समजत होतो. गावभरच्या म्हशींच्या पापण्या मी ओढत होतो. सिव्हिल सर्जनने तपासून सांगितलं की आणखी महिनाभर उशीर झाला असता तर बाळंतपण जड गेलं असतं. औषध सुरू झालं. चाचांनी अळीव आणून दिले, एका फडक्यात बांधून, "दुकानातून आनलेत, आमच्या घरचे नायत" असं आवर्जून सांगत, म्हणजे आमची अडचण होऊ नये. मुलगी झाली. बारशाला ते ओटीवरच बसले, आणि मुलीला उजेडाकडे धरून बघितल्यावर मोठ्याने "डाळिंब!" म्हणाले.

या माणसाशी मी काय केलं ते आता सांगतो.

नागावात एक बाई होती, नारळ-सुपारीच्या वाडीची मालकीण, नवरा वारलेला. सगळे तिला वयनी म्हणत. आमच्या अष्टागरात वाड्यांना विहिरीचं पाणी रहाटाने देतात आणि रहाट रेडा ओढतो. दिवसभर गोल फिरून त्याला भोवळ येऊ नये म्हणून डोळ्यांवर झापड बांधतात. म्हणून रहाटाच्या रेड्याचे डोळे कोणी बघत नाही. वयनीचा रेडा दोन महिने झिजत होता. पावलं जड पडू लागली तेव्हा तिने झापड सोडली आणि त्याला चालवत दवाखान्यात आणलं.

चाचांनी पापणी ओढली. माळ धरली. चौथी आणि पाचवीच्या मधे त्यांचं बोट थांबलं.

"हळद नाय," ते म्हणाले. "फुटलेलं नाय, साहेब. गेलंय. कुठून ते बघू." मग वयनीला, "पानी कुठं पितो?"

"पोखरनीत. देवळाच्या मागं." तिकडे तळ्याला पोखरण म्हणतात.

"शेन?"

"काळं पडतंय. आनि कवा कवा नाकाला लाल लागतं."

वयनी आत नाव नोंदवायला गेली तेव्हा चाचा माझ्याकडे वळले. "नाकात जळू हाय, साहेब. पोखरनीतली. आत घशात बसून पिते, रक्त पोटात जातं, म्हणून शेन काळं. संध्याकाळपावेतो पानी तोडू. मग परातीत सोच्छ पानी नाकाखाली धरू. वास आला की बया आपसूक बाहेर डोकावते. चिमूटभर मीठ टाकलं की आली हातात."

त्या दिवशी दवाखान्यात माणसं बरीच होती. माझी नेमणूक अजून कायम झाली नव्हती, आणि दवाखाना चालवणाऱ्या बोर्डाने मला नुकताच नवा सूक्ष्मदर्शक दिला होता. रेड्याच्या अंगावर चार-दोन गोचिडी होत्या.

"परात घेऊन जळवा पकडायला मी कॉलेजात गेलो नव्हतो," मी म्हणालो. लोक हसले. लोक हसले याचं मला बरं वाटलं.

रेड्याच्या कानाचं रक्त मी दोन काचांवर घेतलं. त्यातली एक रंगवायची होती. रंगाची बाटली बरेच दिवस तशीच पडून होती.

"रंग गाळू का, साहेब?" चाचांनी विचारलं. ते नेहमी गाळत.

"नको. वेळ नाही."

काचेवर तांबड्या पेशींच्या कडेला मला काळे ठिपके दिसले. गोचीडतापाचे जंतू, मी ठरवलं. खरं म्हणजे तो न गाळलेल्या रंगाचा गाळ होता. गोचीडतापावर तेव्हा शिरेत टोचायचं एक निळं औषध असे. ते मी माझ्या हाताने टोचलं आणि रेड्याला दवाखान्यात ठेवून घेतलं. वयनीला सांगितलं, ताप आहे, उतरेल.

त्या औषधाचा एक गुण असा, की ते सगळं अंग रंगवतं. दुसऱ्या दिवशी रेड्याची पापणी निळी झाली होती. चाचा माळ घेऊन उभे होते.

"आता शिंपली काय सांगनार?" ते हळू आवाजात म्हणाले. "तुमी पाटीच निळी केलीत."

थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "अजून परात ठेवून बघू."

मी म्हणालो, "औषधाला वेळ द्या."

चौथ्या दिवशी रेडा मेला. निळ्याखाली तो किती पांढरा होत गेला ते कोणाला दिसलंच नाही. दवाखान्यामागे आम्ही त्याला उघडला. घशाशी, नाकाच्या मागच्या बाजूला, सात जळवा होत्या, अंगठ्याएवढ्या, तट्ट फुगलेल्या. चाचांनी टोपी काढून हातात धरली. मग आत जाऊन त्यांनी रंग गाळला, दुसरी काच रंगवली आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. तोच रेडा, तेच रक्त. एकही ठिपका नव्हता.

कातडं निळं निघालं तेव्हा गावात बोभाटा झाला. मियाँने काहीतरी निळं विष घातलं, असं कोणीतरी म्हणालं आणि पुष्कळांनी ते ऐकलं. बोर्डाकडून माझा खुलासा मागवला गेला. मी तो इंग्रजीत लिहिला. त्यातल्या एका वाक्याचा अर्थ असा होता: "ड्रेसरने रंग न गाळल्यामुळे निदानात चूक झाली." त्याखाली त्यांचं नाव.

त्यांना कामावरून कमी केल्याचा कागद आला. कारकुनाने माझ्या खुलाशातलं ते वाक्य मराठीत वाचून दाखवलं. चाचांनी ते पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "रंग गाळला नव्हता, हे खरं हाय. 'नको' कोनी म्हटलं, ते लिवलेलं नाय."

मी टेबलावरची दौत सरळ केली. एवढंच केलं.

त्यांनी खाकी कोटाच्या खिशातून डबी काढून टेबलावर ठेवली. "शिंपल्या राहू द्या. जनावरं तर येनारच." सलाम केला आणि गेले.

पंधरा दिवसांनी पत्नीने विचारलं, "चाचा येत नाहीत हल्ली?" मी म्हणालो, "मुरुडला गेले." तेही अर्धंच वाक्य. कोनाड्यातली कपबशी तिने आणखी कितीतरी दिवस धुऊन ठेवली.

माझी नेमणूक कायम झाली. डबी मी खणात ठेवली होती. पुढे पुढे, नवा ड्रेसर जेवायला गेला की मी ती काढून शिंपली पापणीशी धरू लागलो. सूक्ष्मदर्शकाचा रंग स्वतः गाळू लागलो. पण नागावच्या त्या पोखरणीत जळवा आहेत, हे मी वयनीला सांगितलं नाही. ते सांगायचं म्हणजे सगळंच सांगावं लागलं असतं.

अशी नऊ वर्षं गेली.

मग एका पावसाळ्याच्या अखेरीला वयनी पुन्हा दवाखान्यात आली. केस पांढरे झालेले, बरोबर दुसरा रेडा. पापणी कांदा, शेण काळं. मी विचारलं, पाणी कुठे पितो? पोखरणीत. मी तोंड धुवायच्या निमित्ताने आत गेलो आणि परात घेऊन बाहेर आलो. संध्याकाळी नाकातून जळू डोकावली. मीठ टाकलं. एकामागून एक तीन निघाल्या.

वयनीने कपाळाला हात लावला. "डाक्तर, देव हाव तुमी. त्या टायमाला तो मियाँ होता, म्हनून माजा रेडा गेला. बरं केलंत त्याला काढलंत ते."

मी म्हणालो, "हं."

या वेळी तर अर्धं वाक्यसुद्धा नव्हतं. त्या एका अक्षराने माझी झोप गेली. नऊ वर्षांपूर्वी मी घाबरून खोटं वागलो होतो. आता घाबरायचं काही नव्हतं. नोकरी पक्की होती, मुलगी शाळेत जात होती, आणि तरी मी "हं" म्हणालो होतो. तेसुद्धा त्यांचीच युक्ती वापरून, आणि दोष त्यांच्याच नावावर राहू देऊन.

पुढच्या रविवारी रेवदंड्यापर्यंत सर्व्हिस मोटर, खाडीवर तरीची होडी आणि तिथून पुन्हा मोटर करून मी मुरुडला गेलो. घर विचारावं लागलं नाही. नारळीखाली एक म्हातारा गुडघ्यांत बोकडाचं डोकं धरून बसला होता आणि त्याची पापणी ओढत होता. दाढीची मेंदी गेली होती.

"साहेब!" ते उठले. "उजेडाकडे या." अंगठा माझ्या डोळ्याखाली. "जांब. मोटर लागली."

मी त्यांच्या समोर खाली बसलो आणि जे नऊ वर्षं घोकलं होतं ते सगळं एकदम बोलून टाकलं. रंग, दौत, खुलासा, परात, वयनी, ते "हं". बोकड मधे मधे ओरडत होता. त्यांनी त्याला पाला दिला.

"मला कशाला सांगता?" ते म्हणाले. "मला ठावं हाय. मी तिथं होतो."

त्यांनी बोकडाच्या तोंडापुढे आणखी पाला धरला.

"ज्येला ठावं नाय, त्येला सांगा." मग, "रेड्यावाचून वयनीची सुपारी त्या सालाला वाळली का?"

"अर्धी."

त्यांनी जिभेने च्च केलं. "त्या दिवशी मी परात ठेवायला पायजे होती. तुमाला न विचारता. पलटनीत सवय लागली ना, साहेबाने नको म्हटलं की नको. तेवढं माझं. मी रोज म्हणतो नमाजाला. तुमचं तुमी म्हणा."

मी म्हणालो, "माझ्याबरोबर नागावला चला."

"मी आलो तर ती माझ्याकडं बघंल. तुमाला सुटायला बरं." ते हसले. दोन दात गेले होते. "एकटे जा. आनि दुपारचं जा. रहाट चालू असला की करकरीत काय ऐकू येत नाय. थांबला म्हणजे बोला."

डबी मी परत आणली होती. त्यांनी ती उघडली, सावलीत धरून पाची शिंपल्या बघितल्या, बोटाने पुसल्या आणि माझ्या हातात ठेवल्या. "ऱ्हाऊ दे तुमच्याकडं. माझ्या दाराशी समुद्र हाय. नव्या वेचीन."

मग आतून चहा आला. एकसारखे दोन कप होते. आम्ही दोघांनी ओट्यावर बसून घेतला.

ते त्यानंतर दोन पावसाळे होते. तिसरा लागायच्या आत गेले. मला कळलं तेव्हा माती होऊन आठवडा झाला होता. मी गेलो तर नारळीखाली बोकड बांधलेला होता. त्याची पापणी बघावी असं मला वाटलं, आणि हात उचलला नाही.

पण मुरुडहून परतल्यावरचं सांगायचं राहिलं. परत येताच मी बोर्डाला पत्र लिहिलं, त्यात ते वाक्य पुरं केलं. माझ्या नोकरीच्या पुस्तकात लाल शाईचा शेरा पडला आणि तो योग्य होता. चाचांच्या नावावरचा डाग काढल्याचं उत्तर आलं. उशिराचं उत्तर, पण आलं. त्याची एक नक्कल मी मुरुडला पाठवली, दुसरी खिशात घालून नागावला गेलो.

दुपार होती. वाडीत शिरलो तेव्हा रहाट चालूच होता. गाडगी भरून वर येत होती, पाटात रिकामी होत होती, लाकूड करकरत होतं. मी विहिरीजवळ उभा राहिलो. वयनी म्हणाली, "डाक्तर? या ना, बसा." मी बसलो नाही. सुपारीच्या झाडांत काम करणारी पाच-सहा माणसं होती, शेजारच्या वाडीतली दोघं जण पाण्याला आली होती. मग रेडा थांबवला. जू काढलं, झापड सोडली. करकर बंद झाली.

"वयनी," मी म्हणालो, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "तुमचा आधीचा रेडा माझ्या चुकीने मेला. त्याला ताप नव्हता. त्याच्या घशात पोखरणीतल्या जळवा होत्या, याच्या नाकात होत्या तशाच. परातीची युक्ती माझी नाही, चाचांची. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आणि मी त्यांना चार माणसांत हसलो. निळं औषध मी टोचलं, ह्या हाताने. मग त्यांनी रंग गाळला नाही असं मी लिहून दिलं आणि त्यांचं काम घालवलं. ते लिहिलेलं अर्धं होतं. उरलेलं आज सांगतो. त्यांनी मला विचारलं होतं, 'रंग गाळू का, साहेब?' आणि नको, असं मी म्हटलं होतं. तुमची, आणि ते इथे नाहीत तरी त्यांची, मी माफी मागतो."